आंबिवलीपर्यंत आमच्याच व्हॅनने

रविवार, २ नोव्हेंबर. सकाळी ८

नीरजाचा साखरपुडा ३० तारखेला ठरला. मुलाकडे, आंबिवलीला. हर्षितचे वडील गोपीनाथराव फोनवर म्हणाले, तुम्हाला आणायला आमची गाडी पाठवतो. त्यांच्याकडे तीन आहेत. एकीत चढायला चक्क पायरी आहे. मी शांतपणे सांगितलं, आमची व्हॅन आहे, आम्ही व्हॅननेच येऊ. सरोजचं म्हणणं, शांतपणे नाही, समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले.

तत्त्वाचा प्रश्न आहे. मुलीच्या बापाने सासरच्यांच्या गाडीतून उतरायचं नसतं. अठरा वर्षं नीरजाला शाळेत, क्लासला, परीक्षेला याच व्हॅनने सोडलं. साखरपुड्यालाही मीच सोडणार.

व्हॅन तीन हात नाक्यापर्यंत गेली की गरम होते. किरकोळ बाब.

सोमवार, ३ नोव्हेंबर

खोपटला काळुराम मेकॅनिककडे गेलो. त्याने रेडिएटरचं झाकण उघडून आत बोट घातलं. बोट चहासारखं तपकिरी होऊन बाहेर आलं. म्हणाला, कूलंट कधी बदललं होतं? मी म्हणालो, पाणी घालतो की वेळच्या वेळी. तो हसला. दोन दिवस गाडी ठेवा, सगळं फ्लश करतो, थर्मोस्टॅट बघतो. आणि वर सल्ला, "साहेब, खरं सांगू का, विका आता."

डोकं फिरलं. तेहतीस वर्षं मी इन्शुरन्समध्ये मोटार क्लेम बघितले. 'मालकाचा निष्काळजीपणा' हा शेरा मारून लोकांचे क्लेम फेकलेत. मला हा शिकवणार!

संकल्प: फ्लशिंग घरी, स्वतः. एका रविवारचं काम.

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळी ७.३०

युट्यूबवर सहा व्हिडिओ पाहिले. सगळे मूर्ख. एक म्हणतो केमिकल घाला, एक म्हणतो व्हिनेगर. अरे, देवाची तांब्याची भांडी आपण कशाने घासतो? चिंचेने. रेडिएटर तांब्याचाच. ही साधी गोष्ट या गोऱ्यांना कोण सांगणार.

अर्धा किलो चिंच कोमट पाण्यात भिजत घातली.

त्याच दिवशी, दुपारी १

खालचा प्लग उघडला. जे बाहेर आलं ते पार्किंगमधून थेट सेक्रेटरीच्या स्कूटरखाली गेलं. तो वरून ओरडला. मी खालून ओरडलो. अठरा वर्षं मेंटेनन्स वेळेवर भरतोय.

मग चिंचेचा कोळ गाळून आत घातला आणि हीटर फुल लावून इंजिन वीस मिनिटं चालवलं. हीटर लावायचाच असतो, आतलं पाणी सगळीकडे फिरतं. घामाने आंघोळ झाली. नीरजा पन्हं घेऊन खाली आली आणि कैरीचं आहे, रेडिएटरचं नाही, असं म्हणाली. लग्न ठरल्यापासून फार बोलायला लागली आहे.

गाळणी सरोजची चहाची होती. तो विषय घरात अजून चालू आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

इंजिनचं पाणी अडवणारा-सोडणारा थर्मोस्टॅट काढला. बघतो तर उलटा! म्हणजे अठरा वर्षं ही गाडी उलट्या थर्मोस्टॅटवर चालली आणि एकाही मेकॅनिकच्या लक्षात आलं नाही.  स्वतः विचार केला, दिशा ठरवली आणि सरळ बसवला.

काळुरामला फोन करून हे सुनावणार होतो. तूर्त माफ केलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

आता खालून थेंब थेंब गळतंय. आधी गळत नव्हतं. युट्यूबवाला म्हणतो, कधी कधी जुना गाळच भोक बुजवून बसलेला असतो, तो काढला की गळती दिसते. आधी सांगायला काय झालं होतं?

यावर ट्रकवाल्यांचा जुना उपाय आहे, हळद. दोन चमचे घातली. सरोज म्हणाली, चिंच झाली, हळद झाली, आता फोडणी द्या आणि गूळ घाला. 

गळती थांबली. बरीचशी.

गुरुवार, २० नोव्हेंबर

चाचणी. खोपटपर्यंत जाऊन परत. यशस्वी. काळुरामच्या गॅरेजवरून मुद्दाम दोनदा गेलो. तो जेवायला गेला होता.

रविवार, २३ नोव्हेंबर

मोठी चाचणी, माजिवड्यापर्यंत. काटा लाल पट्ट्यात. उतरून सीटखाली इंजिन आहे तिथे हात लावला, थोडं गरम आहे एवढंच. माझ्या अनुभवाप्रमाणे काटा बिघडलाय. जुन्या गाड्यांत आधी काटेच खोटं बोलायला लागतात.

रेडिएटरचं झाकण मात्र घाईत उघडलं. तेव्हा सेक्रेटरीचा फोन आला होता, त्यामुळे लक्ष नव्हतं. मनगटावर फोड. दोष पूर्णपणे सेक्रेटरीचा.

हर्षित घरी आलेला. मनगट बघून म्हणाला, काका, पप्पांना गाडीतलं कळतं, बघतील का एकदा? मी म्हणालो, तुमच्या पप्पांनी मंडपाचं बघावं. तो बूट घालून निघाला. उगाच वाईट वाटलं. पण या मुलाला उगाचच मदत करायची खोड आहे, तिचा मला राग येतो.

शनिवार, २९ नोव्हेंबर

सरोज गाडीत बसली की सारखी काट्याकडे बघते. म्हणून काट्यावर गणपतीचं छोटं स्टिकर लावलं. आता बघेल तर निदान नमस्कार तरी करेल.

रविवार, ३० नोव्हेंबर. रात्री ९

पोचलो. आमच्याच व्हॅनने. हे आधी लिहून ठेवतो.

सकाळी साडेआठला निघालो. मी, सरोज, नीरजा आणि पाच ताटं. रस्त्याने कोणाला शिस्त नाही. एक पांढरी गाडी नौपाड्यापासून मागे लागली. ना पुढे जाते, ना हॉर्न देते. मी चाळीसने, तो चाळीसने. खिडकीतून हात काढून पुढे जा म्हणून खूण केली. नाही. असल्या माणसांची लायसन्स जप्त करायला हवीत.

कोन गावाजवळ सीटखालून आमटीचा वास यायला लागला. गाडीला विश्रांती दिली. पांढरा पन्नास फूट मागे थांबला. आमची फजिती बघायला! मी तावातावाने त्याच्याकडे निघालो, तर नीरजाने हात धरला आणि म्हणाली, बाबा, राहू दे ना. पोर घाबरली असणार.

दुर्गाडीच्या पुलावर पुन्हा विश्रांती. शहाडला वाफ इतकी की सरोज ताटं घेऊन खाली उतरली. व्हॅन बंद. आमच्याजवळची बाटली संपलेली. तेवढ्यात योगायोगाने हर्षित तिथून चाललेला. पांढरा कुठे गेला ते वाफेत दिसलं नाही. त्याच्याकडे योगायोगाने पाण्याचे दोन मोठे कॅन होते. "काका, पाणी आहे माझ्याकडे," एवढंच म्हणाला. अर्धा तास इंजिन थंड होऊ दिलं आणि नव्या कुर्त्यात वाकून स्वतः पाणी भरलं. फाटकाशी आम्ही पोचलो तेव्हा तो मागे थांबला. आधी आमची व्हॅन आत गेली. गोपीनाथरावांची बायको सखुबाई ओवाळायला उभ्या होत्या. मी उतरलो. ताठ.

साखरपुडा छान झाला. नीरजा सुंदर दिसत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते वाफेमुळे.

जेवणानंतर गोपीनाथरावांनी कडक इस्त्रीच्या बाह्या वर केल्या, सीट उचलली आणि कोणाला न विचारता काम सुरू केलं. वीस वर्षं विटांचे ट्रक चालवलेत म्हणे. थर्मोस्टॅट बाहेर काढला. त्याला चिंचेची शीर अडकलेली. "यो कोनी बसवला उलटा?"

मी म्हणालो, खोपटच्या मेकॅनिकने.

त्यांनी तो फिरवून बसवला. काट्यावरचं स्टिकर हलक्या हाताने काढून डॅशबोर्डवर लावलं, नमस्कार केला. येताना काटा नौपाड्यापर्यंत अर्ध्यावर. म्हणजे मूळ फ्लशिंग उत्तम झालं होतं.

सोमवार, १ डिसेंबर. सकाळी ९

नीरजाला म्हणालो, काल हर्षित शहाडला भेटला हा काय योगायोग. तिने मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाली, "बाबा, ती पांढरी गाडी त्याचीच. मित्राची मागून आणलेली, तुम्ही ओळखू नये म्हणून. मीच सांगितलेलं, अगदीच बंद पडली तरच पुढे ये. आणि ओव्हरटेक करू नको, बाबांना आवडत नाही."

नौपाडा ते शहाड. अडीच तास. चाळीसने.

तेहतीस वर्षं मोटार क्लेम बघितले. इतकं अंतर राखून गाडी चालवणारा माणूस पाहिला नाही. आणि त्याला मी खिडकीतून काय काय खुणा केल्या ते इथे लिहीत नाही.

काळुरामला फोन केला. थर्मोस्टॅटचं सांगितलं. कोणी उलटा बसवला तेही सांगितलं. तो म्हणाला, साहेब, रेडिएटर तांब्याचा नाही, ॲल्युमिनियमचा आहे, घेऊन या उद्या.

मग स्वयंपाकघरात गेलो. सरोजला म्हणालो, लग्नाला त्यांनी गाडी पाठवली तर पाठवू दे, माझी हरकत नाही.

ती नवीन गाळणीने चहा गाळत होती. म्हणाली, "साखरपुड्याच्या गाडीलाच मी त्यांना हो म्हणून कळवलं होतं. आलेलीच की गाडी, पांढरी. आपल्या मागून."