तुझी गोधडी लहानी मागते

माय, लहानी बाळंतपणासाठी घरी आली आहे. काटोलच्या बसनं आली, बाबा स्टँडवर घ्यायला गेले होते. घर तेच, तलावाच्या काठचं, आणि त्यात एकटे बाबा. सकाळी भाकर बाबाच टाकतात. ती जाड होते म्हणून लहानी हसते, तर म्हणतात, "भाकर हाये बाप्पा, पापड नाही पातळ असाले." पहिलं बाळंतपण माहेरात आणि लेकराची पहिली गोधडीही माहेरची, ही रीत तुझ्या तोंडून आम्ही इतक्यांदा ऐकली आहे की लहानीच्या डोक्यातून ती जाणार कशी? परवा तिचा फोन आला. "भाऊ, मायची गोधडी पाठव. तिच्यावर नवं कापड टाकून मी लेकरासाठी शिवतो." मी म्हटलं, "बजारातून नवी घे ना, मी पैसे टाकतो." ती म्हणाली, "कंबलाच्या कंपनीत गेला तं तुले सारं बजारातच दिसते का?" आणि फोन ठेवून दिला. तेव्हापासून माझं कामात मन नाही. ज्या बाईची गोधडी आहे तिलाच विचारावं म्हणून लिहायला बसलो. शाळा सुटल्यावर मी सहीशिवाय काही लिहिलेलं नाही, तेव्हा सांभाळून घे.

मी सध्या पानिपतला आहे. निघालो तेव्हा बाबा म्हणाले, "मराठी माणूस तिकडं गेला का वापस येत नाही, मालूम हाये ना?" मी म्हटलं, "लढाले नाही चाललो बाबा, कंबल बनवाले चाललो." इथं परदेशातून जुन्या लोकरी कपड्यांचे गठ्ठे येतात, एकेक आपल्या खोलीएवढा. बाया बसून बटणं आणि चेनी कापतात, आम्ही रंग पाहून ढीग लावतो. मग मशीन सगळं पिंजून काढते, त्याचं सूत होतं, सुताचं कंबल. कोणाचा कोट कोणाच्या स्वेटरात गेला, कोणी विचारत नाही. कधी एखाद्या खिशात चॉकलेटचा कागद निघतो, तेव्हा मात्र हात थांबतो. ही गोधडी पांघरायचो तेव्हा खोलीवरचे पोट्टे मला हसायचे, "अरे नागपुरिये, कंबल की फैक्टरी में काम करता है और ओढ़ता ये चिंदियाँ?" मी हसून सोडून द्यायचो. त्यांना काय सांगणार? ह्या चिंद्यांपैकी कोणती कोणाच्या अंगावरची, ते मला माहीत आहे.

इथली थंडी कोरडी आणि धुक्याची आहे. आपली थंडी ओली असायची. तलावावरून वारा निघाला की पहिलं घर आपलंच. दाराच्या फटीत तू चिंध्या कोंबायचीस, बाबा हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि म्हणायचे की साऱ्या घरात गरम जागा एवढीच. पाण्यातून वाफ निघायची आणि मला वाटायचं, कोणीतरी खाली तुरीच्या शेंगा उकडायला ठेवल्या आहेत. थंडी पडायच्या आधी तू सगळ्या गोधड्या तलावावर न्यायचीस. पाण्यात बुडाली की गोधडी म्हशीसारखी जड होते. एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या. तू एकीकडं पिळतेस, मी दुसरीकडं, मधे तिचा दोरखंड होतो आणि सगळं पाणी माझ्या पायावर. "धर ना गा नीट! हात हायेत का शेवग्याच्या शेंगा?" शिंगाडे तोडणारा काका हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जवळून जातो आणि ओरडतो, "वहिनी, पोट्टंच पिळून टाकता का?" तू म्हणतेस, "ह्याले पिळून काय निघन? नुसता वारा!" काका दोन हिरवे शिंगाडे काठावर फेकतो. ते उचलायला मी टोक सोडून पळतो आणि पिळलेली गोधडी पुन्हा चिखलात. त्या दिवशी तू मला मारलं नाहीस. कमरेवर हात ठेवून नुसती पाहत राहिलीस, आणि मग तुलाच हसू आलं.

आता ह्या गोधडीची गोष्ट. तू पेटी उघडलीस आणि आजीची गोधडी काढलीस. पार विरलेली, मधे जाळीसारखी झालेली, काठाला तेवढा लाल रंग शिल्लक. अंगणात उन्हात तुझं जुनं लुगडं अंथरलंस, त्यावर आजीची गोधडी, त्यावर बाबाचं धोतर, आणि सगळ्यात वर तुझं ते निळं लुगडं. मला वाईट वाटलं. आजीच्या गोधडीत आम्ही कधीकधी तोंड खुपसून पडायचो, आता ती दिसणारच नव्हती. मी म्हटलं, "माय, आजीची काहून झाकून राहिली? पेटीत ठेव ना." तू सुईत दोरा ओवत होतीस, मागावर उरलेलं सूत मांडीवर वळून केलेला दोरा. मान वर न करता म्हणालीस, "पेटीत ठेवली का उंदरं पांघरते. तुह्या आजीनं उंदरांसाठी शिवली होती का?" मग चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायची वेळ आली. एकावर वरवंटा, एकावर विटेचा तुकडा, एकावर पाण्याचा पितळी गुंड. चौथ्यासाठी तू मला धरलंस. "तू बस इथं. दगडाचं काम कर, दुसरं तं काही जमत नाही तुले."

मी बसलो, पण मला बसणं कधी जमलं? तलावात बगळा उतरला की मी वळायचो, पतंग कटला की अर्धा उठायचो. तू काठापासून आत, काठापासून आत, अशा ओळी घालत येत होतीस. तीन कोपऱ्यांत ओळी सरळ आल्या. माझ्या कोपऱ्यात कापड सरकत गेलं आणि टाके लाटांसारखे वरखाली झाले. शेजारची काकू पाहायला आली आणि म्हणाली, "ह्या कोपऱ्यात काय पूर आला होता का वं?" तू म्हणालीस, "पोट्टा बसला होता तिथं." ती म्हणाली, "मंग उसव ना." तू दोरा दातानं तोडलास. "राहू दे. बसला होता ना पण." एवढंच. काकूला ते कळलं नसेल. मलाही तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, तू कंटाळलीस.

तू गेलीस तेव्हा तुझ्या अंगावरची गोधडी लोकांनी रीतीप्रमाणे तुझ्यासोबत दिली. माझ्या आणि लहानीच्या अंगावरची ही तेवढी राहिली. पुढं बाबांचा माग बंद पडला, मी शाळा सोडून नागपुरात लकडगंजला लाकडाच्या टालीत कामाला लागलो, तिथून सुरत, सुरतेहून हैदराबाद, आणि आता इथं. कुठंच टिकत नाही म्हणून लोक बोलतात ते खरं आहे. पण जिथं गेलो तिथं पहिल्या दिवशी ही गोधडी अंथरली की मुक्काम झाला असं वाटायचं. लहानीनं कधी मागितली नाही. लग्नातही नाही. मी घरापासून लांब असतो म्हणून तिनं ती मला राहू दिली असणार. गेल्या हिवाळ्यात वरचं निळं लुगडं फाटायला लागलं. मी सुई आणून टाके घातले, पण कापडात जीव उरला नव्हता, टाक्याच्या बाजूलाच नवी चीर जायची. तेव्हा भिऊन मी ती पांघरणं सोडलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फळीवर ठेवली. तू पाहिलं असतंस तर काय म्हणाली असतीस, ते मला माहीत होतं, म्हणून मी फळीकडं पाहत नव्हतो.

आज सुट्टी होती. ऊन निघालं तशी पिशवी खाली काढली आणि गच्चीवर गोधडी अंथरली. निळं लुगडं मधे इतकं विरलं आहे की खालचं बाबाचं धोतर दिसतं, आणि धोतरही जिथं फाटलं तिथं आजीचा लाल. एकाखाली एक, तिघंही. मला वाटत होतं, नवं कापड टाकलं की तू झाकली जाशील. पण इतकी वर्षं मी आजीला पांघरत होतो आणि मला तिची आठवणही नव्हती, तरी ऊब कमी पडली नाही. लेकराला तुझी आठवण नसेल. आपल्याला एवढ्या थंडीत कोण धरून आहे, हे त्याला कळणार नाही. न कळता ते झोपेल, एवढंच हवं आहे ना तुला?

मी लहानीला फोन लावला. म्हटलं, "वरून कोणतं कापड टाकतेस?" ती जराशी घुश्श्यातच होती. "काहून? तुह्या कंपनीतून देऊन राहिला का?" मी म्हटलं, "गोधडी पाठवतो पार्सलनं. जपून शिव, ते कापड आता टाका धरत नाही." तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "माह्या लग्नातलं पिवळं लुगडं टाकतो. आणि बाबाचा एक सदरा." मागून बाबा ओरडले, "सदरा माह्या अंगावर हाये, आधी मले इचार!" ती म्हणाली, "दुसरा घ्या ना बाबा, नातवासाठी एवढा जीव नाही का तुमचा?" बाबा म्हणाले, "तुही माय असती तं आतापर्यंत अंगावरून काढून दोन टाके घातले असते." तिघंही हसलो. तुझं नाव निघालं आणि घरात हसू आलं, असं बऱ्याच दिवसांनी झालं.

हा कागद घडी करून गोधडीच्या पोटात सरकवावा, लहानी वरून शिवून टाकेल, असं मनात आलं होतं. पण पहिल्याच धुण्यात त्याचा लगदा होईल, आणि तोवर लेकरू कुशीवर वळलं की कुरकुर वाजेल. तुला तर वाचताही येत नव्हतं. तेव्हा तो कुठंच जाणार नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. पार्सल मी करणार नाही. गोधडी मी स्वतः घेऊन जाणार आहे, तिकीट काढलं आहे, आणि हे लहानीला सांगितलेलं नाही. मागं येतो येतो म्हणून गेलो नाही, तेव्हा तिनं माझ्या वाटची भाकर झाकून ठेवली होती, असं बाबांनी नंतर सांगितलं. ह्या वेळी गाडीतून नागपूरला उतरेपर्यंत माझा मलाच भरवसा नाही, माय.