तुपाला न लागलेला चिखल

आई, परवा तुझ्या नातीनं वरणभात कालवता कालवता मला विचारलं, "आई, आजी व्हीगन होती ना?" तिचं मराठी तुला ठाऊकच आहे. कलकत्त्याच्या बेहाला भागात वाढलेली मुलगी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर बांगला, आणि मराठी फक्त जेवताना आणि बोलणी खाताना. मी म्हटलं, "व्हीगन कसली? वाटीभर दही लागायचं तिला रोज." तर म्हणाली, "पण तूप नाही खायची. मला आठवतं ना. सगळ्यांना वाढायची, आणि स्वतःच्या भाताकडे आली की चमचा खाली." तू गेलीस तेव्हा ही आठ वर्षांची होती, आता वीस वर्षांची घोडी झाली आहे, आणि तिच्या लक्षात तुझा आवाज नाही, गोष्टी नाहीत, हा चमचा राहिला आहे. "सोडलं होतं तिनं तूप," मी म्हटलं. "का?" यावर मी मीठ आणायला उठले. मीठ टेबलावरच होतं. म्हणून हे पत्र.

तू वाईची. पाठशाळेत शिकवणाऱ्या बापाची मुलगी, आणि नदी म्हणजे तुझ्या लेखी कृष्णा, जिच्या या घाटावरून त्या काठावरच्या बाईशी भांडता येतं. बाबांशी लग्न करून तू कलकत्त्याला आलीस आणि तुला ही एवढी थोरली, गढूळ, दिवसातून दोनदा उलटी वाहणारी नदी मिळाली. बाबांचं काम तिचा तळ मोजण्याचं. वाळू सारखी जागा बदलते, मोठ्या जहाजांना वाट दाखवायची तर तळ मोजत राहावं लागतं, आणि त्यासाठी बंदराच्या खात्यानं त्यांना एक लाँच दिलेली होती. सुट्ट्यांत आपणही तिच्यावर राहायला जायचो, आठवडेच्या आठवडे. नियमात ते बसत नव्हतं, पण बाबांच्या साहेबांना तुझ्या चकल्या आवडायच्या. स्वयंपाकघर देव्हाऱ्यापेक्षा थोडंसंच मोठं. स्टोव्हभोवती लोखंडी कठडा, भांडी घसरू नयेत म्हणून, आणि तरीही तू कुकर सुतळीनं बांधून ठेवायचीस, द्वाड वासरू बांधावं तसा. जहाजांना खुणेचे झेंडे चढवायच्या दोरीवर तुझी पातळं वाळत असायची. एकदा एका परदेशी जहाजानं जवळून जाताना भोंगा दिला, तेव्हा बाबा म्हणाले, "अगं, ते विचारतायत, हा हिरवा-जांभळा संदेश कुठल्या पुस्तकात आहे?" तू म्हणालीस, "त्यांना म्हणावं, आम्ही धुणं धुतो. तुम्हीही धुवा."

संध्याकाळी डेकवर बसवून तू माझ्याकडून शब्द चालवून घ्यायचीस. नदीवर बसून नदी शब्द. मी द्विवचनात अडखळले की सुकाणूवरून सारंगकाकांचा खर्जातला आवाज यायचा, "नद्यौ!" हे आपल्या खलाशांचे म्होरके, पूर्व बंगालातले, पाच वेळा नमाज पढणारे, आणि ऐकून ऐकून त्यांना सगळं पाठ झालेलं. आज मी कॉलेजात मुलांना संस्कृत शिकवते, आणि एखादी मुलगी तिथंच अडखळते, तेव्हा माझे कान अजून मागच्या बाकाकडे जातात.

पण मला तुपाबद्दल लिहायचं आहे. तळ तपासायचं ते शिशाचं वजन तुला आठवत असेल. लांबट, दोरीला बांधलेलं, आणि बुडाला वाटीसारखी खोबण. त्या खोबणीत चरबी भरायची. वजन तळाला टेकलं की तिथं जे असेल ते चरबीला चिकटून वर येतं. खोली सांगायला यंत्र होतं, पण खाली वाळू आहे की चिखल हे यंत्राला कळत नव्हतं, आणि नांगर टाकायचा तर तेच कळावं लागतं. चिखलात नांगर धरतो, कडक वाळूवर घसरतो. हे मला नदी शब्दाच्याही आधी पाठ झालं होतं. तू पहिल्याच दिवशी तो चरबीचा डबा पाहिलास आणि म्हणालीस, "जिथं माझे देव आणि माझा स्वयंपाक, तिथं हे राहणार नाही." बाबा म्हणाले, "अगं, ती नदीच्या तळाला लावायची आहे, पोळीला नाही." त्यावर तू म्हणालीस, "नदी कोणती आहे ते तरी बघा. अहो, गंगेला चरबी लावता?" बाबा विज्ञान शिकलेले होते. त्यांनी चरबीच्या डब्याला झाकण लावलं. तू आतून तुपाचा डबा आणून सारंगकाकांच्या पुढ्यात ठेवलास. ते तुला वहिनी मानायचे, हसून म्हणाले, "बौदी, गंगा घी खायेगी?" आणि तू तुझ्या वाईच्या हिंदीत म्हणालीस, "खायेगी. रोज दिये में खाती है ना?"

ती नाताळची सुट्टी होती. थंडीत थिजलेलं तुझं रवाळ तूप इतकं छान काम करत होतं की सारंगकाकांनीही मान डोलावली. बाबांनी आपल्या वहीत तुपाचा उल्लेख मात्र टाळला. तूप भांड्यात आहे की भांडं तुपाच्या आधारानं आहे, हे ठरवायला भांडं उलटं करून बघणारा आपल्या गोष्टीतला नैयायिक पंडित आठवतो ना? आपल्या घरानं तो प्रयोग भर गंगेत, सरकारी खर्चानं केला. पण मे महिना आला आणि तूप वितळलं. बाबा चरबीचं नाव काढायला लागले. तू मेणबत्त्या वितळवून तुपात कालवल्यास. सकाळी ते मिश्रण टिकायचं, ऊन चढलं की मऊ पडायचं, आणि रोज दुपारी तुमची दोघांची तीच वादावादी व्हायची, हलक्या आवाजात, कारण बोटीवर सगळ्यांना सगळं ऐकू येतं.

खोबणीत काय आलं ते बघून सांगायचं काम त्या सुट्टीत बाबांनी मला दिलं होतं. अकरा वर्षांच्या मुलीला. सारंगकाका भुवया उंचावून बघत राहिले तेव्हा बाबा म्हणाले, "हिची नजर चांगली आहे, आणि ही खोटं बोलत नाही." त्या दिवशी अकराच्या सुमाराला भरती ओसरायला लागली होती. बाबांनी जेवणासाठी नांगर टाकायचं ठरवलं. आत तुझ्या पुऱ्या तळून होत आल्या होत्या आणि हिमसागर आंब्यांचा रस काढून झाला होता, "हापूस नाही, पण काय करणार" असं त्या आंब्यांना ऐकवत. सारंगकाकांनी वजन टाकलं, वर ओढलं, माझ्या पुढ्यात ठेवलं आणि ते ओली दोरी गुंडाळायला वळले. मी वजन उलटं केलं. खोबणीत काही नव्हतं. चिखल नव्हता, वाळू नव्हती. तूप अर्धंअधिक वाहून गेलेलं आणि उरलेलं तुझ्या डब्यातल्यासारखं स्वच्छ. वरून बाबांनी विचारलं, "काय आलं गं?" काही नाही म्हटलं असतं तर पुन्हा तुपाचं भांडण निघालं असतं. तुझा चेहरा मला दिसत होता, स्वयंपाकघराच्या दारात, हातात झारा, कान बाबांच्या आवाजाकडे. मी म्हणाले, "चिखल!" तू हसलीस आणि आत वळलीस.

पुढचं तुला माहीत आहे. जेवताना नांगर घसरत होता आणि कुणाला कळलं नाही. खालून खरखरीत आवाज आला, बोट थबकली, आणि ओहोटीचं पाणी जसजसं उतरत गेलं तसतशी ती हळूहळू कलली. रसाचं पातेलं कठड्याला लागून डचमळलं. सुतळीनं बांधलेला कुकर तेवढा जागचा हलला नाही. दोन तासांत आपण एका चराच्या पाठीवर होतो, म्हणजे नदीतल्या त्या वाळूच्या बेटावर, जे भरतीला कुणाला दिसत नाही. आणि आई, सुरुवातीला तू किती खूश होतीस! पातळ खोचून, अनवाणी, शिडीवरून खाली उतरलीस आणि मला म्हणालीस, "चल, गंगेच्या तळावर चालून येऊ. हे पुण्य काशीलाही मिळत नाही." आपण चाललो. वाळूवर पाखरांच्या पायांची नक्षी होती आणि लांबवर एक मोठं जहाज खोल पाण्यातून चाललं होतं. परत आलो तेव्हा बाबा कललेल्या बोटीच्या सावलीत बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून. त्यांना तसं बसलेलं मी पूर्वी पाहिलं नव्हतं. तू त्यांच्याकडे पाहिलंस, मग शिडी चढून वर गेलीस, ते वजन उचललंस आणि खोबणीतून बोट फिरवलंस. बोट स्वच्छ आलं. तू ते पदराला पुसलंस. म्हणालीस, "माझ्या तुपानं घात केला." सारंगकाका म्हणाले, "नहीं बौदी. घी का कसूर नहीं है." म्हणाले तुला, पण बघत माझ्याकडे होते. मी वाळूवर पाखरांचे ठसे मोजत राहिले.

रात्री उशिरा भरतीनं आपल्याला उचललं. बोटीला फारसं काही झालं नव्हतं. बाबांनी अहवालात लिहिलं की तळ त्यांनी स्वतः पाहिला होता. महिन्याभरात त्यांना नदीवरून काढून गार्डन रीचच्या कचेरीत नकाशांच्या टेबलाशी बसवलं, आणि उरलेली नोकरी त्यांनी दुसऱ्यांनी मोजलेली नदी कागदावर काढण्यात घालवली. एकदाच, कचेरीचा डबा भरला जात असताना, त्यांनी मला विचारलं, "चिखल नक्की होता ना गं?" मी म्हटलं, "हो बाबा. थोडा होता." ते म्हणाले, "मग तळच बदलला असेल." आणि डबा घेऊन गेले. आपण कुणीच पुन्हा त्या बोटीवर गेलो नाही. आणि त्याच आठवड्यात तू तूप सोडलंस. काशीला जाऊन लोक एखादी भाजी सोडतात, शहाणी माणसं कारलं सोडतात. तू तूप सोडलंस. कुणाला कारण सांगितलं नाहीस, आणि आम्हा दोघांनाही कारण माहीत असल्यामुळे कुणी विचारलं नाही. बाबांनी दोष कागदावर घेतला, तू ताटात घेतलास. मी त्या वर्षी संस्कृतात पहिली आले.

तेहतीस वर्षं, आई. तेहतीस वर्षं तू कढवलंस, गाळलंस, सगळ्यांना धार धरून वाढलंस, बाबा गेले त्या वर्षीही. डॉक्टर तुझ्या रक्ताचा रिपोर्ट बघून मला म्हणायचे, "आईंकडून शिका." शेवटच्या आजारपणात मी तुझ्यासाठी मऊ भात घेऊन आले होते, आणि मुद्दाम वर तूप घातलं होतं. तू वासानंच ओळखलंस. डोळे मिटूनच म्हणालीस, "अगं, मी सोडलंय ना." तेव्हा सांगायचं होतं. खोलीत आपण दोघीच होतो. चार शब्दांचं काम होतं: तूप खरं बोललं होतं. तुपानं 'मला काही सापडलं नाही' असं स्वच्छ सांगितलं होतं, बाबांनी ते ऐकलं असतं तर पुन्हा वजन टाकलं असतं, आणि फार तर तुमचं पाच मिनिटं भांडण झालं असतं. खोटं मी बोलले. मी मात्र तो भात बेसिनजवळ नेला, वरचा थर चमच्यानं काढला आणि खालचा तुला भरवला. तीन दिवसांनी भटजींनी वाटी पुढे केली आणि म्हणाले, "ओठांना तूप लावा." माझ्याच हातांनी लावलं. तुझं व्रत शेवटी मीच मोडलं, आणि तेही तू नाही म्हणू शकत नव्हतीस तेव्हा.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही. काल हावड्याहून परतताना फेरीबोटीतून नदीत सोडावं असं मनात आलं, पण शेजारच्या बाईनं "दीदी, कागोज फेलबेन ना" म्हणून कागद न टाकायचा दम दिला, आणि तिचं बरोबर होतं. तेव्हा ते तुझ्या तुपाच्या रिकाम्या डब्यात राहील. तुझ्या नातीला मी काल रात्री जेवताना सगळं सांगितलं. ती तिच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाली, "पण तू आजीसाठी खोटं बोललीस ना? भांडण नको म्हणून?" मी म्हटलं, हो.

वर तुलाही मी तसंच लिहिलं आहे, आणि इतकी वर्षं स्वतःलाही तसंच सांगत आले. पण तुझा चेहरा दारात दिसला तो मी चिखल म्हटल्यानंतर. आधी मला दिसलं होतं रसाचं पातेलं. काही नाही म्हटलं असतं तर बाबांनी नांगराची जागा बदलली असती, जेवायला आणखी तासभर लागला असता, आणि मला भूक लागली होती. त्या दिवशी मी दोन वाट्या रस खाल्ला. दुसऱ्या वाटीत तू तूप घातलंस, चांगलं दोन चमचे. छान लागला होता.