खाचेतलं ग्रीस

झाशी,
रविवार, ५ जानेवारी २०२५

ती. स्व. तानाजीमामांस,
चारुताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून हसाल. पण फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणता आणि पुढचं मामी बोलतात. मला जे विचारायचंय ते मामींमार्फत विचारता येण्यासारखं नाही.

तुम्ही कोल्हापूरहून रेल्वेने पाठवलेली मातीवरच्या शर्यतीची टू-स्ट्रोक मोटरसायकल नोव्हेंबरात मिळाली, तेव्हापासून तिला वरचा दम नाही. बरुआसागरच्या रस्त्याला एक पडीक माळ आहे, तिथे दर रविवारी नेते. खालच्या वेगात बरी ओढते, वर गेली की गुदमरते. महिनाभर मी कार्ब्युरेटरला दोष दिला. तो महिना वाया गेला. दोष पॉवर व्हॉल्व्हचा आहे. तो बंद अवस्थेत अडकलाय आणि तीन आठवडे निघत नाही.

बाबांनी विचारलं, ही काय भानगड आहे. सांगितलं की धूर बाहेर पडतो त्या तोंडाला एक झडप असते. इंजिन सावकाश फिरत असताना ती अर्धी मिटलेली राहते, वेग वाढला की पूर्ण उघडते. आपली उघडत नाही. बाबा म्हणाले, बबीन्याच्या लष्करी छावणीत असतो तर एव्हाना रणगाड्याचं इंजिन दोनदा उतरवून चढवलं असतं.

डिझेलमध्ये चार दिवस भिजवला. कार्बन काढायच्या फवाऱ्याचे दोन डबे संपवले. टोकाच्या आट्यांत बोल्ट बसवून पुलरने ओढलं, तर आटे ताणले गेले. सिपरी बाजारातला पार्टवाला म्हणाला, मॅडमजी, दो हथौड़े मारिए, बाप भी निकलेगा. त्याच्याकडे पुन्हा जाणार नाही. नवा व्हॉल्व्ह कुठेही मिळत नाही, मी सगळीकडे विचारलंय. हा तुटला तर गाडी संपली.

काय करू ते नेमकं लिहा. मामींना नमस्कार. तुमचा लोभ आहे हे गृहीत धरूनच एवढी कटकट लिहिली.

आपली,
चारुता


कोल्हापूर,
११ जानेवारी

चि. चारुतास, तानाजीमामाचे अनेक आशीर्वाद.

तीन आठवडे ओढत बसलीस म्हणजे तू थेट बापावर गेलीस. अगं लेकी, जाम झालेली वस्तू ओढायची नसते. ओढलं की कार्बन पाचरीसारखा आणखी बसतो. सिलिंडर गरम कर. पाण्याचा थेंब टाकला तर नाचला पाहिजे, इतका. मग व्हॉल्व्ह आधी आत ढकल, केसभर. मग फिरव. परत आत, परत फिरव. बाहेर यायची घाई त्यालाच होऊ दे.

पण एक सांगतो. तो व्हॉल्व्ह मी दसऱ्याला स्वतः साफ करून बसवलाय. मैदानात पळवून, कान देऊन ऐकलाय. उघडला की आवाज सुटतो, तसा सुटला होता. तेव्हा हा कार्बन तुझ्या हातचा. ऑइल जास्त ओततेस. माणसांचं मला कमी ऐकू येतं हे खरं, त्यातलं बरंचसं ऐकण्यासारखं नसतंच. इंजिनाचं येतं.

सध्या प्रांजलीचं इंजिन बाकावर आहे. एकोणीस वर्षांची पोर, दोन मार्चला पुण्यात मातीवरच्या शर्यतीत उतरतेय. गाडीवर बसली की भ्यायचं विसरते. पेट्रोल किती सोडायचं ते कार्ब्युरेटरचं जेट ठरवायला कसलासा मीटर घेऊन आली होती. म्हटलं, पोरी, तो शोकेसमध्ये ठेव, इथं कान आहे.

मामी म्हणते तुझ्या लग्नाचं विचारा. विचारलं.

माया पुष्कळ आहे, लिहीत जा म्हणजे शिळी होणार नाही.

तुझा,
तानाजीमामा


झाशी,
रविवार, १९ जानेवारी

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

व्हॉल्व्ह निघाला. तुमची पद्धत बरोबर होती, माझी चूक. सिलिंडर स्वच्छ धुऊन आईच्या ओव्हनमध्ये एकशे वीस अंशांवर अर्धा तास ठेवला. आई म्हणाली, आता या ओव्हनमधला केक तू एकटीने खायचास. पाचव्या खेपेला कर्र वाजलं, अकराव्या खेपेला व्हॉल्व्ह हातात आला. कुठे ओरखडा नाही.

पुढचं लिहावं की नाही याचा विचार करण्यात सकाळ गेली.

ऑइल मी मापाने घालते, बत्तीस भाग पेट्रोलला एक. पण मुद्दा तो नाही. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉडचं गोल टोक खाली इंजिनातच राहणाऱ्या एका खाचेत बसतं. सिलिंडर उचलला की ते आपोआप सुटतं, म्हणून सुटं दिसलं तेव्हा मला काही वाटलं नाही. आज परत जोडण्यासाठी खाच पुसायला घेतली. तिच्यात तुमचं ग्रीस आहे, भरलंत तसंच, वरून सपाट. टोक एकदा जरी बसलं असतं तरी खळगा पडला असता. खळगा नाही. म्हणजे दसऱ्याला रॉड जोडलाच गेला नव्हता. तेव्हापासून हा व्हॉल्व्ह एकदाही उघडलेला नाही, आणि हलला नाही म्हणूनच जाम झाला.

जोडणीत चूक होते. रेल्वेच्या कारखान्यात माझ्या हातूनही होते. चूक झाली म्हणून मी लिहीत नाही. तुम्ही आवाज ऐकला म्हणता म्हणून लिहितेय. जो आवाज झालाच नाही तो तुम्ही ऐकलात, मामा. कान जातो तेव्हा आधी वरचे, बारीक आवाज जातात. माणसाला ते कळत नाही, कारण ते कसे होते हे त्याला पाठ असतं.

पेट्रोल कमी पडत असलं तर इंजिन आधी बारीक आवाजात सांगतं. ते ऐकलं गेलं नाही तर पिस्टन भर वेगात धरतो, मागचं चाक जागीच बसतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. हे मी तुमच्याकडूनच शिकले. प्रांजलीचं जेट कानाने ठरवू नका. तिचा मीटर वापरा. कान तपासून घ्या.

मामींना हे फोनवर सांगू शकले असते. सांगितलेलं नाही.

रागावलात तरी लोभ कमी करू नये.

आपली,
चारुता


कोल्हापूर,
२५ जानेवारी

चि. चारुतास आशीर्वाद.

पत्र वाचलं. बेचाळीस वर्षांत चार राज्यांतली पोरं माझ्याकडे इंजिनं घेऊन आली. ग्रीस बघून माझा कान कुणी मोजला नव्हता. रॉड तुझ्याच हातून राहिला असेल आणि ग्रीसही तूच सारखं केलं असशील. शिकलेली माणसं चूक कबूल करत नाहीत, शोध लावतात.

प्रांजलीचं इंजिन तयार आहे. झकास वाजतंय. पंधरा फेब्रुवारीला घेऊन जाईल.

गाडी जड झाली असेल तर परत पाठव.

तानाजी


झाशी,
३१ जानेवारी

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राखाली नुसतं 'तानाजी' होतं. ते वाचलं.

खाचेचे फोटो सोबत पाठवतेय, पुसण्याआधीचे. पहिला सिलिंडर उतरवतानाच, जोडणी लक्षात राहावी म्हणून काढला होता, तेव्हा ग्रीस मी सारखं केलं म्हणायला जागा नाही. आपण चुकतोय का हे मी तीन वेळा तपासलं. चुकले असते तर बरं वाटलं असतं.

राग मलाही आलाय. तुमचं एक वाक्य यायला पाच दिवस, माझं जायला पाच. आणि तोवर ते इंजिन तुमच्या बाकावर झकास वाजतंय. तीन आठवडे मी एका झडपेला फिरवण्याऐवजी ओढत बसले. तुमच्या बाबतीतही तेच करतेय का, कळत नाही. फिरवायचं कसं ते मला येत नाही.

म्हणून सरळ लिहिते. बारा तारखेपर्यंत तुमचं उत्तर आलं नाही, तर तेराला मी प्रांजलीला फोन करीन. नंबर मिळवलाय. तुमच्या माघारी करणार नाही, म्हणून आधी कळवतेय.

गाडी परत पाठवणार नाही.

लोभ मागत नाही. जेवढा उरला असेल तेवढा राहू द्या.

आपली,
चारुता


कोल्हापूर,
७ फेब्रुवारी

चि. चारुतास अनेक आशीर्वाद.

तुझे फोटो आले ते न बघता खणात टाकले होते. काल बाहेर काढले.

दुकानाचं शटर अर्धं ओढलं, प्रांजलीचं इंजिन बाकावर बांधलं, तिचाच मीटर लावला आणि मामीला बोलावलं. पस्तीस वर्षं ती या आवाजाला शिव्या घालतेय, म्हणजे तिलाही तो माझ्याइतकाच पाठ. म्हटलं, आवाज सुटला की हात वर कर. मला ऐकू आला की मी थ्रॉटल सोडणार. बघू कोण आधी.

मी मीटरच्या आकड्यावर डोळे ठेवून चढवत गेलो. सुटेल, आता सुटेल, म्हणत राहिलो. मान वर केली तर तिचा हात वरच होता. केव्हापासून, कोण जाणे. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ती म्हणाली, अहो, आता मला हात वर करायला लावू नका.

मग इंजिन उघडलं. पिस्टनची कड घासून चमकायला लागली होती. जेट दोन नंबरांनी लहान, म्हणजे पेट्रोल कमी. पुण्यात पहिल्या लांब सरळ पट्ट्यावरच धरलं असतं.

आज सकाळी पोरीला बोलावून सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. तिने इंजिन दुसरीकडे नेलं. बरोबर केलं. जाताना पाया पडली, त्याचा मात्र राग आला.

तेराला फोन करायची गरज नाही.

एक काम कर. तुझा व्हॉल्व्ह उघडला की आवाज कसा सुटतो ते मला लिहून पाठव. आकडे नकोत. आकडे मला मीटर सांगेल.

तुझ्यावर रागावलो होतो, तो राग माझ्याच घरातला होता. मनात धरू नकोस.

तुझा,
तानाजीमामा


झाशी,
रविवार, १६ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

गाडी जोडली. आज माळावर पळवली. व्हॉल्व्ह उघडतो.

हे पत्र चौथ्यांदा लिहितेय. मला आवाज लिहायची सवय नाही. कारखान्याच्या नोंदवहीत आम्ही 'असामान्य आवाज' एवढंच लिहितो आणि पुढे आकडा. तरी प्रयत्न करते.

खाली तो कापडावर कात्री चालवल्यासारखा येतो. कच, कच, प्रत्येक घाव वेगळा. थ्रॉटल वाढवला की घाव जवळ जवळ येतात. मग एका ठिकाणी कात्री थांबते आणि नवं कोरं मांजरपाट कुणीतरी दोन्ही हातांनी टर्रकन फाडत नेतं. त्या दोन्हींच्या मधे काही नाही. कापणं संपतं, फाटणं सुरू होतं, आणि गाडी अंगाखालून पुढे निघून जाते. पहिल्यांदा मी घाबरून थ्रॉटल सोडला. दुसऱ्यांदा नाही. मग पेट्रोल संपेपर्यंत तेच करत राहिले आणि गाडी रस्त्यापर्यंत ढकलत आणली.

हे अपुरं आहे, मला माहीत आहे. याहून नेमके शब्द माझ्याकडे नाहीत.

तुम्हाला तो ऐकू येत नाही याचा मला फार राग येतोय, मामा. कोणावर, ते ठरवता येत नाही.

मामींना नमस्कार. लोभ दोन्हीकडून असू द्यावा.

आपली भाची,
चारुता