सोमवारच्या फोनआधी

प्रिय बाबा,

आई सांगत होती, कंपनीने घरी बसवल्यापासून तुम्ही स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत आणि आता साखर काढायलाही तिला चष्मा लावावा लागतो. तिच्या आवाजात तक्रार कमी, कौतुकच जास्त होतं. मी बरी आहे, झोपेचं तेवढं विचारू नका.

ऑफिसात भरती चालू आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. किती माहीत आहे ते मला आता कळलं, पण ते पुढे सांगते. कर्करोगाच्या रुग्णाला किरण कुठून आणि किती द्यायचे, याचा हिशोब आमचा प्रोग्राम करतो. तो लिहिणारी मंडळी एकेक करून निवृत्त झाली आणि आता त्याला हात लावायला जाणतं माणूस मिळत नाही. हुशार पोरं येतात, भराभर लिहितात, पण चुकीच्या आकड्याची त्यांना भीतीच वाटत नाही. एकाने तर मुलाखतीत सांगितलं, हे जुनं सगळं पाडा, मी नवं बांधून देतो. आमच्या प्रमुख बाई शांतपणे म्हणाल्या, पाडू की, पण आत माणसं झोपली आहेत, त्यांना आधी कुठे हलवू ते सांगा.

त्यानंतर बाईंनी परीक्षेची पद्धतच बदलली. उमेदवाराचं नाव, वय, चेहरा काही दिसत नाही, फक्त क्रमांक. आमच्या प्रोग्रामचा एक तुकडा त्याला घरी पाठवतात. तपासणारे दोघे त्यात आपापल्या चुका पेरतात, एकमेकांना न सांगता, आणि उमेदवाराने त्या शोधायच्या. तो काम करत असताना त्याच्या स्क्रीनचं चित्रण होतं. कुणी बाहेरून मदत घेतली नाही ना, हे बघण्यासाठी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहणारी मी एकटीच. बाकी कुणाला तेवढा वेळ नाही, आणि माझ्याइतका संशयी स्वभावही नाही.

गेल्या आठवड्यात असंच एक चित्रण पाहत होते आणि हातातला चहा हातातच राहिला. त्या माणसाने काहीही दुरुस्त करण्याआधी एक बरोबर आकडा मुद्दाम चुकवला आणि प्रोग्राम ओरडतो का, म्हणजे चूक पकडतो का, ते पाहिलं. बाबा, दम्यामुळे मला शाळेत जाता येत नव्हतं त्या वर्षांत जेवणाच्या टेबलावर प्रोग्राम लिहायला शिकवताना तुम्ही मला हेच सांगितलंत. आधी मुद्दाम मोड. ओरडला तर त्याच्यावर विश्वास ठेव, गप्प बसला तर तो मुका आहे. आणि मोडलेलं जोडल्याशिवाय खुर्चीतून उठायचं नाही, आई कितीही हाका मारू दे. मी एकदा तशीच पाणी प्यायला उठले, तर अर्धा दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नव्हतात.

अर्ज केल्याचं मला सांगितलं नाहीत. वशिला नको, पोरीची पंचाईत नको, असंच मनात आलं असणार. मला इतका आनंद झाला की खुर्ची पुढे ओढून बसले, तुमच्या शेजारी बसायचे तशी.

दोघांनी पेरलेल्या सगळ्या चुका तुम्ही काढल्यात. मग किरणांच्या मात्रेतलं दशांशचिन्ह मुद्दाम एक घर सरकवलंत. प्रोग्राम ओरडला, आणि स्क्रीन थांबली. बराच वेळ काहीच हललं नाही. दारावर कुणी आलं असेल, आईने बोलावलं असेल. परत आलात आणि तो आकडा पाहून दचकलात. दचकलात हे मला माऊसच्या बाणावरून कळलं, तो त्या आकड्यावर थबकला आणि मग पुन्हा पुन्हा त्याच्याभोवती फिरला. ही चूक कुठून आली ते तुम्ही सगळीकडे शोधत राहिलात. शेवटी आकडा नीट केलात आणि खाली लिहिलंत, इथे कुणीतरी अतिशय धोकादायक चूक करून ठेवली होती, अशा माणसाला या कामापासून दूर ठेवावं.

तपासणाऱ्या प्रत्येकाला वाटलं, ही चूक दुसऱ्याने पेरली असणार. दोघांनीही तुम्हाला तिचे जास्तीचे गुण दिले.

हे माझे वडील आहेत, मला यातून बाजूला ठेवा, असं मी बाईंना सांगितलं. त्या हसल्या, म्हणाल्या, तरीच तू अशी आहेस. मग चित्रणात काही वावगं आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, बाहेरची मदत घेतलेली नाही. ते खरं आहे. पण त्यांनी विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं, आणि तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. स्वतःला पुष्कळ समजावलं, दमला असाल, असं कुणाचंही होतं. मग आठवलं, हल्ली फोनवर तुम्ही आधी सांगितलेलाच विनोद पुन्हा सांगता आणि मी पुन्हा हसते.

सोमवारी बाई तुम्हाला फोन करतील. नोकरी तुम्हालाच द्यायची ठरली आहे. त्याच आठवड्यात शुक्रवारी सकाळी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे, आदल्या दिवशी घरी येते, आपण दोघं जाऊ. कदाचित काहीच निघणार नाही, मग मला हवं तेवढं चिडवा. पण डॉक्टरांना भेटल्याशिवाय बाईंना हो म्हणू नका, आणि ती चूक कुणाची होती ते तुम्हीच त्यांना सांगा. तो पहिला हक्क तुमचा, म्हणून मी अजून गप्प आहे. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन. त्या किरणांच्या यंत्राखाली कुणाचे तरी बाबा झोपलेले असतील. हे सगळं फोनवर बोलण्याचा मला धीर झाला नाही. शिवाय पत्र हाताशी राहतं. लागेल तितक्या वेळा वाचा, प्रत्येक वेळी मी तेच सांगत असेन.

तुमचीच,
धाकटी