चाळीस किलोचा नियम

३ जून
आजपासून रोजनिशी. मोठ्या संशोधनाची नोंद राहिलेली बरी. गाइड मॅडमनी निक्षून सांगितलं, पीएच.डी.ला आता मुदतवाढ नाही. चार वर्षं काय केलंत, असंही विचारलं. चिंतन केलं. पण फॉर्मवर त्याला रकानाच नाही.
संकल्प : मिनी, म्हणजे बुटक्या जातीचं, डुक्कर आणि साधं डुक्कर यांच्या हृदयांची तुलना. सहा-सहा घ्यायची. सगळी चाळीस किलोची. वजन सारखं की तुलना चोख.

५ जून
शेडवर डुकरांचं सगळं मामा बघतात. म्हणाले, मिनी दोन वर्षांची आहेत आणि ही साधी साडेतीन महिन्यांची पिल्लं, मेळ कसा बसणार? दोन वर्षांचं साधं डुक्कर आपल्या टेबलावर मावेल का, असं विचारून मी त्यांना गप्प केलं. मग म्हणाले, मॅडमना तरी विचारा. मॅडमना विचारलं की त्याच उलट विचारत बसतात.
दाराजवळच्या फळ्यावर मामा खडूने काहीबाही लिहितात. खिळा मजबूत आहे. ॲप्रन तिथेच अडकवतो.

९ जून, सकाळी ११
सोनोग्राफी संपली. थक्क झालो! साध्यांची हृदयं नुसती धावतात. मिनींची संथ, भारदस्त. ही जातच पोक्त. शोधाला 'चाळीस किलोचा नियम' म्हणावं की माझं नाव द्यावं? हिला विचारलं. ही म्हणाली, आधी डिग्री तर मिळू दे. बायकोला दूरदृष्टी नाही.

११ जून
आज हृदयं काढली. साध्यांत एकाचा कान फाटका, मामा त्याला फाटकू म्हणत. शेवटपर्यंत माझ्या बुटाची लेस चघळत होता. मामा म्हणाले, आजचा दिवस थांबा, एकदा विचारून या. मुदत थांबत नाही, असं मी सुनावलं.
त्याचं हृदय माझ्या तळहातात मावलं. वहीत त्याचं वजन दोनदा चुकीचं लिहिलं. चहा कमी झाला असावा.

१२ जून
रजा. पाठ धरली आहे.
पाठ ठीक आहे.

२० जून, दुपारी १
मॅडमसमोर अठ्ठावीस स्लाइड. दुसरीलाच थांबवलं. वयं किती? मी वजन सांगितलं. पुन्हा विचारलं, वयं? सांगितली. म्हणाल्या, तुम्ही दोन जातींची तुलना केलीच नाहीत, थोरांची आणि लेकरांची केलीत. पीएच.डी. संपली म्हणा. पण बारा जीव कशासाठी घेतलेत, तेवढं लिहून द्या.

२० जून, ४ वाजता
शेडवर गेलो. मामा रिकामे कप्पे धूत होते. बाजूला सरा, बूट भिजतील, एवढंच म्हणाले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
फळ्यावरून ॲप्रन काढला. खाली प्रत्येकाची जन्मतारीख, ठळक, वळणदार अक्षरात. फाटकू, २३ फेब्रुवारी. पंधरा दिवस मी त्यावर ॲप्रन अडकवत होतो.
मॅडमना द्यायचा कागद पुढ्यात आहे. वर आजची तारीख घातली. पुढे काय लिहू, कळत नाही.