वार छापलेल्या गोळ्या

तोआ पायोह, सिंगापूर, ३१ जून

प्रिय ऋता,

तीन आठवडे तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. तुझं क्लेमेंटी काही लांब नाही, पण बोलावल्याशिवाय यायचं धाडस होत नाही.

आधी वस्तुस्थिती. दर रविवारी घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या मी डब्यांत भरतो. मागच्या खेपेला तू किचनमध्ये एक पाकीट विसरलीस. प्रत्येक गोळीवर वार छापलेला, पुढे बाण. इतकी शिस्तशीर गोळी या घरात माझ्याशिवाय कुणाची असणार? बीपीची नवी असेल, म्हणून पाच दिवस घेतली. सहाव्या दिवशी डॉक्टरबाईंकडे तिचं कौतुकही केलं. बाई हसल्या नाहीत. चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, ही गर्भनिरोधक गोळी आहे.

मग फोनवर तुला नको ते बोललो. लग्नाआधी हे असलं, इथपर्यंत गेलो. तू म्हणालीस, 'माय बॉडी बाबा, नॉट युअर एक्सेल शीट लाह', आणि फोन ठेवलास.

नंतर गोळ्यांचं माहितीपत्रक भिंगाने दोनदा वाचलं. कॉलेजात गेलो नाही. जे शिकलो ते असंच. पाळीच्या दुखण्यावरही ही देतात, हे कळल्यावर तुझ्या आईला म्हटलं, बघ, पोरीचं कारण रास्त असणार. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "आणि नसलं तर? कारण तपासायला तुम्ही कोण, इमिग्रेशन?"

मग तिने जुना फॉर्म काढला, तोंडी. तुझा दादा तन्मय आठ महिन्यांचा होता. तिला तांबी बसवायची होती. तेव्हा आम्ही भारतात, तिथला दवाखाना नवऱ्याची सही मागायचा. कायद्याला ती लागतच नव्हती, हे मी परवा वाचलं. फॉर्मवर माझं वय सत्तावीस लिहिलेलं. मी सव्वीस वर्षं अकरा महिन्यांचा. दुरुस्त करून आण, म्हणून मी सही न करता परत पाठवला. नवा येईपर्यंत तुझी चाहूल लागली. तू आलीस, घराचं सोनं झालं. पण तिचं हिमोग्लोबिन सहावर, रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या, वर्षभर ती जिना बसत बसत चढायची. मी रोज तुझ्या वजनाचा तक्ता भरायचो. तिला कसं वाटतंय, ते एकदाही विचारलं नाही.

चुकलो, ऋता. तेव्हा तिच्याशी, आता तुझ्याशी. एवढंच लिहायला बसलो होतो, वर गोळ्यांचं लांबण लावलं. इथे तुझ्या गोळीला डॉक्टरची चिठ्ठी लागते, बापाची नाही, बरंच आहे. रविवारी जेवायला ये. वर तारीख चुकलीय, आत्ता दिसलं. पण त्यासाठी पत्र अडवणार नाही. सही करतोय.

तुझाच,
बाबा