गळकी टोपी

ताकीले बेट, रविवार

तीर्थरूप बाबा,

तुमच्या सिल्वेरियोचा लांबूनच नमस्कार. समोर उभं राहायला तोंड नाही.

मी बरा आहे. आत्या पोटभर जेवू घालते. तुमचा खोकला कमी झाला का?

महिनाभर खपून पहिलीच टोपी विणली आणि काल तेओदोराला मागणी घालायला गेलो. इथल्या रीतीप्रमाणे नवऱ्या मुलाची परीक्षा म्हणून तिच्या वडिलांनी टोपी उलटी धरून आत पाणी ओतलं. घट्ट विणीतून ते गळत नाही. माझ्या टोपीतलं सगळं त्यांच्या मांडीवर सांडलं. घरातले खो खो हसले.

"इथं बापच पोराला विणायला शिकवतो. तुझ्या बापानं काय शिकवलं रे?" तिच्या वडिलांनी विचारलं.

मी म्हणालो, "काहीच नाही."

बाबा, लिमात तुम्ही सुया घेऊन हाका मारायचात आणि मी फुटबॉल खेळायला पळायचो, हे माझ्या तोंडून निघालंच नाही. हसं माझं झालं आणि नाव तुमचं खराब केलं.

आज सकाळी पुन्हा जाऊन त्यांना खरं सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "बोलाव त्याला इकडे. त्याच्या शेजारी बसून वीण. पोरगी थांबेल तोवर."

आईला मी खुशाल आहे एवढंच सांगा. आणि बाबा, या.

तुमचा,
सिल्वेरियो